ताळेबंदाखालील तिऱ्हाइताची सही

व्यापाऱ्याच्या घरात हिशेब लिहिणे हे अंकलिपीबरोबरच शिकवले जात असे. रोजकीर्द, खतावणी आणि दिवाळीचे वहीपूजन या गोष्टी आपल्या समाजबांधवांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आपण लिहिलेला हिशेब तिऱ्हाइताकडून तपासून घ्यावा आणि त्याची सही झाल्यावरच तो इतरांपुढे ठेवावा, ही पद्धत आपल्याकडे बरीच उशिरा रुजली. ती कशी आली आणि लहान कंपनीलाही तिची गरज का आहे, याचा थोडक्यात आढावा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दुकान एकट्याचे असते तेव्हा पैसा त्याचा, वही त्याची आणि तोटाही त्याचाच. वही खोटी लिहिली तर तो स्वतःलाच फसवतो. कंपनीचे तसे नाही. तिथे पैसा घालणारे अनेक आणि कारभार पाहणारे मोजके. ज्याने भाग घेतले त्याला वखारीत काय आहे हे दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त वर्षातून एकदा छापला जाणारा ताळेबंद. हा ताळेबंद खरा आहे किंवा नाही हे सांगणारा, कारभाऱ्यांच्या दबावाखाली नसलेला माणूस हवा, या गरजेतून लेखापरीक्षक हा व्यवसाय जन्माला आला.

आपल्या सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून सर्वांना माहीत असलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर तब्बल ३६ वर्षांनी, म्हणजे १९१३ च्या कंपनी कायद्याने, लेखापरीक्षण सक्तीचे झाले आणि लेखापरीक्षकाची पात्रता कायद्यात प्रथमच नमूद झाली. हा कायदा १ एप्रिल १९१४ पासून लागू झाला. पुढे १९१८ साली मुंबईत शासकीय लेखाविद्या पदविका सुरू झाली. जुनी मंडळी तिला ‘जी. डी. ए.’ म्हणत. १९३२ नंतर नोंदणीकृत लेखापालांची अखिल भारतीय नोंदवही ठेवली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापाल कायदा झाला आणि १ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ही संस्था अस्तित्वात आली. श्री. गो. प. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष.

योगायोग असा की, त्याच जुलै महिन्याच्या २७ तारखेला जुन्या मिलच्या संचालकांनी मिल बंद करण्याची नोटीस लावली आणि २७ ऑगस्ट १९४९ रोजी मिलचा भोंगा थांबला. हजारो कामगारांच्या चुली त्या भोंग्यावर पेटत होत्या. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. गैरव्यवस्था आणि हेळसांड झाल्याने मिल बंद पडली, असे कारण सरकारने दिले होते. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. मात्र द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने सरकारची ही कृती मालमत्तेच्या हक्काचा भंग करणारी ठरवली. सोलापूरच्या एका गिरणीचे नाव अशा रीतीने राज्यघटनेच्या अभ्यासात कायमचे नोंदले गेले.

या प्रकरणातून आपण घ्यायचा बोध वेगळा आहे. हिशेब तपासणारा माणूस गिरणी चालवत नाही. कारभार नीट करणे हे संचालकांचे काम. कारभाराचा परिणाम आकड्यांत खरा उतरला आहे की नाही, एवढेच लेखापरीक्षक सांगतो. लेखापरीक्षण हे औषध नव्हे, ती नाडीपरीक्षा आहे. पण नाडीच खोटी सांगितली गेली तर औषधाची वेळ टळून जाते, हेही तितकेच खरे.

या संदर्भात इंग्लंडमधील १८९६ चा किंग्स्टन कॉटन मिल खटला आपणा कापडवाल्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. तेथील व्यवस्थापकाने काही वर्षे कापूस व सुताचा साठा वाढवून दाखवला. नफा नसताना नफा दिसला आणि त्यातून लाभांशही वाटला गेला. लेखापरीक्षकांनी व्यवस्थापकाच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे प्रसिद्ध मत याच खटल्यातील. परंतु काळ बदलला. १९३८ साली अमेरिकेतील मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या वहीत कोट्यवधी डॉलरचा असा माल व अशी येणी निघाली की, जी अस्तित्वातच नव्हती. त्यानंतर माल मोजताना लेखापरीक्षकाने स्वतः हजर राहावे आणि येणेकऱ्यांकडून परस्पर खात्री करून घ्यावी, हा दंडक रूढ झाला.

मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. आता एक घरची सांगतो. १९९० च्या सुमारास आमच्या नात्यातील मंडळींनी काढलेल्या चादरी व टॉवेलच्या एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत माझे व माझ्या विधवा आत्यांचे थोडे भाग होते. चाटी गल्लीतील माझा व्यापार सांभाळून मी तिचा संचालकही होतो. त्या वर्षी साठा १८ लाखांचा दाखवला होता. लेखापरीक्षकांनी वखारीत येऊन गठ्ठे सोडवायला लावले. तळाशी तीन वर्षांपूर्वीच्या, रंग उडालेल्या, कसर लागलेल्या चादरी निघाल्या. खरेदीची किंमत व विकून येणारी किंमत यांत जी कमी ती धरावी, हा नियम आम्हा सर्वांना ठाऊक होता. मी तर वाणिज्य शाखेचा पदवीधर. तरीही बँकेची कॅश क्रेडिटची उचल कमी होईल या भीतीने मी त्यांना म्हणालो, “साहेब, घरचीच कंपनी आहे. या वर्षी सही करून टाका.” ते शांतपणे म्हणाले, “अहो शेठजी, तुमच्यासाठीच सही करायची तर माझी कशाला हवी? तुमची पुरेशी आहे. माझी सही वखारीत कधी न येणाऱ्या तुमच्या आत्याबाईंसाठी आहे.”

साठा १३ लाखांवर आला. नफ्याच्या जागी तोटा दिसला. आत्या आपले दागिने मोडून आणखी ५० हजार रुपये कंपनीत घालणार होत्या. तो ताळेबंद पाहून त्यांनी हात आखडता घेतला. चार वर्षांत ती कंपनी बंद पडली. आत्यांचे ते दागिने त्यांच्या अखेरच्या आजारपणात उपयोगी पडले. परंतु त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आम्ही त्या लेखापरीक्षकांना पुन्हा नेमले नाही, आणि त्या ठरावाला मीही हात वर केला होता, हे आज इथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य किती नाजूक असते, हे यावरून कळावे. ज्याला तपासायचे तोच नेमणार आणि तोच फी देणार, हा पेच जुनाच आहे. कायद्याने तो हळूहळू सोडवण्याचा प्रयत्न केला. १९५६ च्या कायद्याने कंपनीचा नोकर किंवा हजार रुपयांहून अधिक देणे असलेली व्यक्ती लेखापरीक्षक होण्यास अपात्र ठरवली. २०१३ च्या कायद्याने नेमणूक एकदम पाच वर्षांची केली. मुदतीपूर्वी काढायचे तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. संचालकाचा नातलग लेखापरीक्षक होऊ शकत नाही, आणि जो तपासतो त्याने त्याच कंपनीची हिशेबवही लिहायची नाही, असाही दंडक आहे. १ जुलै २०१९ पासून त्याच्या प्रत्येक अहवालावर स्वतंत्र ओळखक्रमांक येतो. १ एप्रिल २०२३ पासून संगणकातील नोंद कोणी, केव्हा बदलली याचा माग ठेवणेही कंपनीला बंधनकारक झाले.

लहान कंपन्यांना काही सवलती अवश्य आहेत. ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती त्यांना नाही. २०२० च्या आदेशातील सविस्तर अहवालही त्यांना लागू नाही. ब्रिटनने १९९४ पासून अगदी लहान कंपन्यांना लेखापरीक्षणातूनच मोकळे केले. आपल्याकडे मात्र कंपनी कितीही लहान असो, ही सही चुकत नाही. काही मित्रांना हा भुर्दंड वाटतो. माझे मत असे की, मोठ्या कंपनीवर वर्तमानपत्रांचे, शेअर बाजाराचे लक्ष असते. लहान कंपनीतील आत्याबाईंना त्या एका सहीखेरीज दुसरा आधार नसतो.

हाच न्याय सार्वजनिक ट्रस्टलाही लागू पडतो. आपल्याच गावचे ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४४ साली आपली सुमारे दोन लाखांची संपूर्ण संपत्ती ट्रस्टरूपाने अर्पण केली. असा दाता आपल्या पश्चात वही पाहायला येत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने प्रतिवर्षी लेखापरीक्षण आवश्यक केले. बेकायदा वा अनुचित खर्च झाला, येणे वसूल केले नाही, तर तसे अहवालात लिहिणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य ठरवले.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्तांना व समाजबांधवांना एवढीच नम्र विनंती. वार्षिक सभेत हिशेब ‘वाचला असे समजून’ मंजूर करू नये. तो वाचावा, विचारावा, आणि शंका काढणाऱ्या लेखापरीक्षकाला पुढील वर्षीही सन्मानाने बोलवावे. मी एकदा चुकीच्या बाजूने हात वर केला. आपल्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये.