श्रद्धेची विचारपूस

इथल्या इस्पितळात दाखल होताना नाव, पत्ता, विमा झाला की बहुधा धर्मही विचारतात. आपण 'हिंदू' सांगून मोकळे होतो. भारतातून आलेले आईवडील असले तर "यांना कशाला हव्यात या चौकशा?" असे पुटपुटतात. पण रोग्याशी श्रद्धेबद्दल बोलण्याची ही पद्धत कशी रुजली, ती हकिगत आपण परदेशस्थांनी वाचण्यासारखी आहे.

अँटन बॉइसेन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. 1920 साली मानसिक आजारामुळे त्यांनाच इस्पितळात ठेवावे लागले. मनात धर्मविचारांचे काहूर माजलेले आणि डॉक्टर त्याविषयी बोलायलाच तयार नाहीत, असा त्यांचा अनुभव. बरे झाल्यावर 1924 मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये चॅपलेन झाले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना वॉर्डात कामाला लावले. ग्रंथ वाचतो तसा रोगीही वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह! आज अमेरिकेतले चॅपलेन ज्या तऱ्हेचे शिक्षण घेतात, त्याची ही सुरुवात.

दुसरी कथा लंडनची, आणि आम्हाला ती जास्त जवळची वाटते. वॉर्साहून आलेला डेव्हिड तास्मा हा ज्यू निर्वासित 1948 मध्ये कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. परका देश, जवळ घरचे कोणी नाही. सिसिली साँडर्स तेव्हा इस्पितळात समाजसेविका होत्या. त्या त्याच्याशी तासन् तास बोलत. त्या ख्रिस्ती, तो ज्यू, पण अडले नाही. जाताना त्याने त्यांच्या नियोजित संस्थेसाठी 500 पौंड ठेवले. साँडर्सबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना शरीराची असते तशी मनाची, घरसंसाराची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला पटवले.

1996 मध्ये डॉ. क्रिस्टिना पुखाल्स्की यांनी डॉक्टरांसाठी सोपे प्रश्न बसवून दिले: तुमची श्रद्धा कशावर? ती तुम्हाला किती महत्त्वाची? तुमची माणसे कोण? आम्ही उपचारात त्याची दखल कशी घ्यावी?

या शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे खरे तर पुष्कळ उत्तरे आहेत. आम्ही रसायनशास्त्रातले, म्हणून सांगतो: बऱ्याच कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचे असते. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या आजीला हे आधी कळायला हवे. परस्पर औषध मात्र बंद करू नये. पर्याय आहे का ते विचारावे. आजीला एकादशी असेल तर मधुमेहाची गोळी घेण्याआधीच नर्सला सांगावे. दुभाषा मागावा, तो हक्काचा आहे. दहा वर्षांच्या नातवाला मध्ये उभे केले, तर आजी मरणाबद्दल काय बोलणार आणि तो इंग्रजीत काय सांगणार?