ख्रिस्ती विवाह : पवित्र शास्त्र काय सांगते, कायदा काय सांगतो

नाताळ सरला की वसईच्या गावांपासून पुण्याच्या कॅम्पापर्यंत ख्रिस्ती समाजात लग्नसराई सुरू होते आणि उपवासकाळाच्या तोंडाशी ती थांबते. लग्नाआधी प्रार्थनेच्या वेळी वधू-वरांची नावे जाहीर केली जातात. कुणाची हरकत असल्यास ती तेव्हाच नोंदवावी, असा त्यामागचा हेतू. चर्चबाहेरच्या वाचकाला या विवाहातील पांढरा पायघोळ पोशाख आणि अंगठी तेवढी परिचित असते. गंमत अशी की, या दोन्हींपैकी एकही गोष्ट बायबलने सांगितलेली नाही. विवाहाचा विधीही त्यात दिलेला नाही. काना गावच्या प्रसिद्ध लग्नाची हकिगत योहानाच्या शुभवर्तमानात आहे, पण तीत वधूचे नावसुद्धा नाही. द्राक्षारस संपल्याची अडचण मात्र आहे.

बायबलमध्ये विधी नसला तरी विचार आहे. ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायानुसार पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहतो आणि दोघे एकदेह होतात. येशूने घटस्फोटाच्या प्रश्नावर उत्तर देताना याच वचनाचा आधार घेतला. विवाहप्रसंगीच्या प्रवचनांत पौलाचे इफिसकरांस पत्रही हमखास येते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हा त्यातील भाग अनेक घरांत वारंवार ऐकवला जातो. त्याच्या लगेच आधीचे, एकमेकांच्या अधीन असा, हे वाक्य मात्र बहुधा गाळले जाते. पत्नीला उद्देशून तेथे तीन वचने आहेत, तर पतीने स्वतःला अर्पण करण्याइतके प्रेम कसे करावे, हे सांगण्यात पुढील बहुतेक सर्व वचने खर्ची पडली आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात तर पतीच्या देहावर पत्नीचाही अधिकार सांगितला आहे. पहिल्या शतकाच्या मानाने हे विधान धाडसाचेच म्हणावे लागेल.

आजच्या तरुणांचा प्रश्न ‘डेटिंग’चा असतो. ही कल्पना बायबलच्या काळात नव्हतीच. लग्ने घरची मंडळी जमवीत. तरीही इसहाकासाठी वधू शोधताना रिबकेला, तू या माणसाबरोबर जाशील काय, असे विचारले गेले आणि तिच्या होकारानंतरच प्रवास सुरू झाला. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे मामाकडे चाकरी केली आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षांची चाकरी पत्करली. विवाहापूर्वीच्या शरीरसंबंधांविषयी पौलाची भूमिका कडक आहे. परंतु मुलामुलींनी भेटू-बोलू नये, असा नियम त्यातून काढणे हे वाचणाऱ्याचे काम, ग्रंथाचे नव्हे.

खरा पेच उभा राहतो तो परधर्मीय जोडीदाराचा. विजोड जू घेऊ नका, हे पौलाचे वचन अशा लग्नांविरुद्ध नेहमी पुढे केले जाते. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये, या जुन्या करारातील आज्ञेची ती प्रतिमा शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. मात्र त्या उताऱ्यात विवाहाचा शब्दशः उल्लेख नाही. जेथे आहे तेथे, म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असे म्हटले आहे. तोच निघून गेला तर विश्वासणारा बांधील नाही.

या शेवटच्या सवलतीला भारतात कायद्याचे रूप मिळाले. १८६६ च्या कायद्यानुसार धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने त्यागलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला विवाहविच्छेद मागता येई. त्या काळातील मराठी उदाहरण नारायण वामन टिळक यांचे. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही. दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या वर्षांची किंमत कोणी मोजली, हे ध्यानात येते.

आज ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याने होतात. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असावे लागते. घटस्फोटाचा १८६९ चा कायदा मात्र दीर्घकाळ स्त्रियांवर अन्याय करीत राहिला. पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पतीला पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रौर्य वा दोन वर्षांचा त्याग, असे काहीतरी जोडून सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये या भेदावर प्रहार केला आणि २००१ च्या दुरुस्तीने पती-पत्नींना समान कारणे मिळाली. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी त्या दुरुस्तीने दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एका वर्षावर आणली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीही घटनाबाह्य ठरवली. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह शून्य ठरवला तरी दिवाणी कायद्यात तो विवाह कायमच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले होते. ही माहिती नसल्याने फसलेल्यांची संख्या कमी नसावी.

मुलांविषयी नीतिसूत्रांतील ‘छडी’चे वचन सर्वांना पाठ असते. तेथील हिब्रू शब्द २३ व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या, धीर देणाऱ्या काठीसाठीही आला आहे. बापांनी मुलांना चिडवू नये, ती खिन्न होतील, हे कलस्सैकरांस पत्रातील वाक्य मात्र फारसे कुणी ऐकवत नाही.

दत्तकाची कथा त्याहून विचित्र. पौल विश्वासणाऱ्यांना देवाची दत्तक मुले म्हणतो, पण ख्रिस्ती दांपत्यासाठी भारतात स्वतंत्र दत्तक कायदा नव्हता. १८९० च्या कायद्याखाली त्यांना केवळ पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान होताच तेही संपे. बाल न्याय कायदा २००० साली आला. त्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, पुढे २०१५ चा नवा कायदा झाला. आता त्याखाली कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल दत्तक घेता येते आणि त्या मुलाला औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात.