गुंतागुंतींनी घडवलेली शस्त्रक्रिया

१/ १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेत स्तनात गाठ आढळलेल्या स्त्रीकडून बहुधा एकाच संमतिपत्रावर सही घेतली जाई. भूल दिल्यानंतर गाठीचा तुकडा तपासत आणि कर्करोग निघाल्यास त्याच टेबलावर स्तन काढत. आपला स्तन उरला आहे की नाही, हे तिला शुद्धीवर आल्यावर कळे. स्तनछेदनानंतरच्या पुनर्रचनेत कोणते धोके असतात, हे तिला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. हा थ्रेड त्या धोक्यांच्या इतिहासाचा आहे.

२/ या प्रथेमागे विल्यम हॉलस्टेड यांचा अधिकार उभा होता. १८८२ पासून ते स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथीही काढत. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि पुढील पाऊणशे वर्षे ही पद्धत प्रमाण ठरली. पुनर्रचनेला त्यांचा विरोध होता. छातीवर नवे आवरण घातल्यास परतलेला कर्करोग त्याखाली झाकला जाईल, अशी भीती त्या काळी प्रबळ होती.

३/ युरोपात मात्र प्रयत्न सुरू झाले होते. १८९५ मध्ये जर्मनीतील विन्सेंझ चेर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातील विकारग्रस्त पण कर्करोग नसलेला भाग काढला आणि तिच्याच शरीरावरील मेदाची गाठ त्या पोकळीत बसवली. स्तनाच्या पुनर्रचनेची ही पहिली नोंद मानली जाते. स्वतःच्याच शरीरातील ऊती वापरण्याचा विचार येथून सुरू होतो.

४/ त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याची पद्धत आणली. सुईने मेण सोडायचे, ते थिजले की आकार तयार! आरंभीचे निकाल मोहक होते. काही काळाने कठीण गाठी, न भरणाऱ्या जखमा, जागा सोडून सरकलेले मेण, रक्तवाहिन्यांत अडथळा आणि काहींना अंधत्व, असे परिणाम दिसू लागले. बाहेरचा पदार्थ शरीरात कसा वागेल, हे वर्षांनंतर कळते. हा धडा पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

५/ इटलीतील इजिनियो तान्सिनी यांनी वेगळी वाट धरली. १८९६ मध्ये त्यांनी पाठीच्या त्वचेचा पट्टा, म्हणजे फ्लॅप, छातीवर वळवून जखम झाकली. मात्र पट्ट्याचे टोक रक्ताअभावी मृत होई. त्यांनी शरीररचनेचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये त्वचेखालचा रुंद स्नायूही सोबत घेतला. स्नायूतून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनी त्वचा जगवली. एका गुंतागुंतीच्या निरीक्षणातून नवी शस्त्रक्रिया जन्मली.

६/ हॉलस्टेडच्या मताचा दबदबा वाढला आणि तान्सिनींची पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शल्यविशारदांना ती पुन्हा सापडली. तोवर दुसऱ्या मार्गांची किंमत स्त्रियांनी मोजली. हॅरॉल्ड गिलीज यांनी १९४० च्या दशकात पोटाच्या त्वचेची नळी करून ती टप्प्याटप्प्याने छातीपर्यंत नेली. त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने काळ आणि अंगभर व्रण, एवढे सोसावे लागे.

७/ म्हणूनच १९६२ चा शोध वरदानासारखा वाटला. ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी टिमी जीन लिंडसी या स्त्रीच्या शरीरात पहिले सिलिकोन जेलचे इम्प्लांट बसवले. ही शस्त्रक्रिया पुनर्रचनेची नव्हती, स्तनवृद्धीची होती. १९७१ मध्ये स्नायडरमन आणि गथ्री यांनी स्तनछेदनानंतर त्वचेखाली असे इम्प्लांट बसवण्याची पद्धत मांडली.

८/ शरीर मात्र परक्या वस्तूभोवती कुंपण घालते. इम्प्लांटभोवती व्रणऊतींचे वेष्टन तयार होते. ते आवळले की स्तन कठीण, वेडावाकडा आणि वेदनामय होतो. याखेरीज जंतुसंसर्ग होणे, इम्प्लांट फुटणे आणि ताणलेली त्वचा मृत होणे हे धोकेही होते. १९७६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचा कायदा आला, पण आधीपासून बाजारात असलेल्या इम्प्लांटांना सुरक्षिततेचा पुरावा तत्काळ द्यावा लागला नाही.

९/ दुसरीकडे स्वतःच्या ऊतींच्या पद्धती पुढे सरकल्या. १९८२ मध्ये कार्ल हार्टरॅम्फ यांनी पोटाची त्वचा, मेद आणि स्नायू छातीवर आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्तन मऊ आणि नैसर्गिक होई. पण स्नायू गेल्याने पोटाची भिंत दुबळी पडे आणि हर्निया उद्भवे. १९८९ मध्ये जपानचे इसाओ कोशिमा यांनी स्नायू न घेता केवळ त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर पट्टा जगवून दाखवला. १९९० च्या दशकात रॉबर्ट ॲलन यांनी हे तंत्र स्तनासाठी रूढ केले.

१०/ येथे एक गोष्ट ध्यानात येते. पोटाचा स्नायू वाचला, पण आता सूक्ष्मदर्शकाखाली जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर संपूर्ण पट्टा गमावण्याची भीती आली. प्रत्येक पिढीने धोका कमी केला तसा तो दुसरीकडे हलवलाही. स्तनछेदनानंतरचे किरणोपचार वाढल्यावर नवी भर पडली. किरणांनी आयुष्य वाचते, परंतु त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांटभोवतीचे वेष्टन अधिक आवळते.

११/ १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका खटल्यात डाऊ कॉर्निंग कंपनीची अंतर्गत कागदपत्रे न्यायालयापुढे आली, परंतु ती सीलबंद राहिली. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकोन जेल इम्प्लांटांचा वापर थांबवण्यास सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुनर्रचनेसाठी, वैद्यकीय अभ्यासाच्या चौकटीत, ती पुन्हा खुली झाली. दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

१२/ १९९९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने अहवाल दिला. सिलिकोनमुळे सर्वांगाचे रोग होतात, याला पुरावा आढळला नाही. खरा प्रश्न स्थानिक गुंतागुंतींचा होता: इम्प्लांट फुटणे, वेष्टन आवळणे, संसर्ग आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया. वृत्तपत्रांतील वाद भलत्याच आजारांभोवती फिरत राहिला आणि नित्य घडणारे त्रास मथळ्यांबाहेर राहिले.

१३/ वेष्टन आवळू नये म्हणून १९८० च्या दशकात खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांटे आली होती. कालांतराने त्यांच्याभोवतीच्या वेष्टनात लिम्फोमाचा एक विरळ प्रकार आढळू लागला. २०११ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या संभाव्य संबंधाची सूचना दिली आणि २०१९ मध्ये ॲलर्गनने आपली खडबडीत इम्प्लांटे जगभरातून परत घेतली. एका गुंतागुंतीवरील उपायातून दुसरी गुंतागुंत निपजली होती.

१४/ नेमका धोका किती? अमेरिका आणि कॅनडातील ११ केंद्रांतील २,३४३ स्त्रियांचा दोन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२.९ टक्के स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि १९.३ टक्क्यांना त्यापायी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. स्वतःच्या ऊतींच्या पद्धतींत एकूण गुंतागुंती अधिक होत्या. पुनर्रचना पूर्ण फसण्याचे प्रमाण मात्र इम्प्लांटमध्ये अधिक होते. सर्वांसाठी एकच उत्तर नाही, हे आकड्यांनीच सांगितले.

१५/ हे आकडे रुग्णापर्यंत पोहोचण्याची वाट स्त्रियांनीच उघडली. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने एकाच भुलेत तपासणी आणि छेदन करण्यास नकार दिला व त्याविरुद्ध मोहीम चालवली. १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत करण्याची शिफारस केली. त्या मंडळात कुशनर स्वतः होत्या.

१६/ २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने इम्प्लांटांसाठी नवा नियम केला. शस्त्रक्रियेपूर्वी धोक्यांची यादी डॉक्टरने रुग्णासमोर ठेवायची, तिने ती वाचायची, प्रश्न विचारायचे आणि मग सही करायची. सही तेव्हाही होती, आताही आहे. या दोन सह्यांच्या मध्ये तान्सिनींच्या पट्ट्याचे मेलेले टोक आहे, सीलबंद कागद आहेत आणि ज्यांची वेदना फार उशिरा मोजली गेली अशा असंख्य स्त्रिया आहेत.