सामुदायिक रेडिओचा परवाना : लहान गावातील संस्थेने आधी काय तपासावे

सीमाभागातील आपल्या मंडळांच्या सभांत एक सूचना वरचेवर येते. खानापूरसारख्या तालुक्याच्या गावी आपले स्वतःचे मराठी रेडिओ केंद्र का असू नये? सूचना उत्साहाने मांडली जाते, टाळ्याही पडतात. पण अर्ज कोणाकडे करायचा, केंद्र चालवायचे कोणी आणि त्यावर बोलायचे काय, या प्रश्नांशी चर्चा थांबते. म्हणून सामुदायिक रेडिओसंबंधीची नियमावली आम्ही सभासदांसाठी येथे एकत्र मांडत आहोत.

आपल्या देशात ध्वनिलहरी दीर्घकाळ फक्त आकाशवाणीच्या होत्या. १९९५ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि दार किलकिले झाले. डिसेंबर २००२ मध्ये नामांकित शिक्षणसंस्थांना परवानगी देण्याचे ठरले. त्यातून चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ साली सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना मात्र नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावे लागले. हे थांबणे काय असते ते तेलंगणातील जहीराबादजवळच्या माचनूरच्या दलित महिलांना विचारावे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या या महिलांचा स्टुडिओ युनेस्कोच्या मदतीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच उभा राहिला होता. परवानगी नव्हती, म्हणून त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या महिला संघांत कॅसेटवर ऐकवीत राहिल्या. त्यांचा संघम् रेडिओ ऑक्टोबर २००८ मध्ये हवेत आला. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातील बुदिकोटे गावाने तर ‘नम्म ध्वनी’चे कार्यक्रम केबलच्या तारेवरून घरोघर पोहोचवले, कारण तारेला ध्वनिलहरींचा परवाना लागत नव्हता.

आता अर्ज कोण करू शकतो ते पाहू. व्यक्तीला परवानगी मिळत नाही, नफा कमावणाऱ्या कंपनीला मिळत नाही. राजकीय पक्ष आणि त्यांच्या विद्यार्थी, महिला, कामगार अशा कोणत्याही आघाडीलाही मिळत नाही. नोंदणीकृत, नफा न कमावणारी आणि स्थानिक लोकांत किमान तीन वर्षे काम केल्याचा पुरावा असलेली संस्था, शिक्षणसंस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र अर्ज करू शकते. आपल्या भागात मंडळे आणि राजकीय समित्यांची माणसे पुष्कळदा तीच असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अर्ज करणाऱ्या संस्थेची घटना, नोंदणी आणि हिशेब पूर्ण वेगळे असलेच पाहिजेत. या बाबतीत ढिलाई चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून अवघड मुद्दा ‘समुदाय’ या शब्दाचा. आपण समुदाय म्हटले की मराठी माणूस समजतो. अर्जात मात्र केंद्र कोणत्या भूभागातील लोकांसाठी आहे ते गावांच्या नावांसह लिहावे लागते आणि ट्रान्समीटर व अँटेना त्याच भूभागात असावी लागते. त्या गावांत जे राहतात ते सगळे श्रोते. घरात मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, कोकणी आणि उर्दू बोलणारेही. केंद्राची मालकी आणि व्यवस्थापन यांत या लोकांचे प्रतिबिंब दिसले पाहिजे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार सल्ला व आशय समितीत निम्म्या तरी महिला हव्यात. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असा नियम आहे. हा नियम मराठीच्या बाजूचाच आहे. जांबोटी, कणकुंबीकडची मराठी ज्या चालीने बोलली जाते, त्या चालीत ती रेडिओवर ऐकू येणे ही केवढी गोष्ट आहे! पण ज्या नियमाने मराठीला जागा मिळते त्याच नियमाने शेजारच्या कन्नडलाही मिळते. हे मान्य नसेल तर अर्जाच्या भानगडीत पडू नये.

बातम्यांची अट अनेकांना माहीत नसते. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे आहेत तशी पुनःप्रक्षेपित करता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, प्रवेश, सण-उत्सव, खेळ, वीज-पाण्याच्या सूचना आणि आपत्तीचे इशारे यांना बातमी मानले जात नाही. म्हणजे मलप्रभेला पूर आल्याचा इशारा चालेल, नंदगडच्या बाजाराची आणि जत्रेची माहिती चालेल. सीमाप्रश्नावरची चर्चा चालणार नाही. ज्यांना रेडिओ मुख्यतः त्यासाठीच हवा आहे त्यांनी हे आताच ध्यानात घ्यावे. केंद्राला आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता लागू असते आणि प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते.

परवाना हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कागद एक नसतो. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ब्रॉडकास्ट सेवा या पोर्टलवर करायचा. विद्यापीठे व सरकारी संस्था सोडून इतरांना २,५०० रुपये प्रक्रिया शुल्क आहे. छाननीनंतर इरादापत्र मिळते. बँकेच्या भाषेत हे मंजुरीपत्र. कर्ज हाती पडायला अजून अवकाश असतो. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून फ्रिक्वेन्सी आणि अँटेनाच्या जागेची मंजुरी घ्यावी लागते. गृह आणि संरक्षण मंत्रालयांची संमतीही लागते. मग मंत्रालयाशी परवानगीचा करार होतो, त्यासाठी २५,००० रुपयांची बँक गॅरंटी द्यावी लागते आणि शेवटी ट्रान्समीटर चालवण्याचा वायरलेस परवाना येतो. इरादापत्राची मुदत आता एक वर्ष असून अडचण आल्यास तीन महिने जादा मिळतात. कराराची मुदत पूर्वी पाच वर्षे होती, ती दहा वर्षे झाली आहे. गॅरंटीची रक्कम लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. ठरलेल्या मुदतीत केंद्र सुरू झाले नाही तर ती जप्त होऊ शकते. परवानगी दुसऱ्या संस्थेच्या नावे करता येत नाही, त्यामुळे पुढे मंडळात फूट पडली तर केंद्र ‘वाटून’ घेता येणार नाही. विनोद बाजूला ठेवून, अशा फुटी आपण पाहिलेल्या आहेत.

ट्रान्समीटरची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर. सपाटीवर यातून पाच ते दहा किलोमीटरपर्यंत ऐकू येते. खानापूर गावात आणि जवळच्या वाड्यांत काम भागेल. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या दाट रानात, डोंगराआडच्या खेड्यांत एफएमच्या लहरी पोहोचणार नाहीत. आणि रेडिओची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे, कारण मोबाइललाही तिथे धड रेंज नसते. विशेष गरज दाखवून २५० वॅटपर्यंत परवानगी मागता येते, पण मध्ये डोंगर उभा असेल तर शक्ती वाढवूनही फारसे साधत नाही. सुधारित नियमांनुसार पात्र संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत सहापर्यंत केंद्रे चालवता येतात; एकाच तालुक्यातल्या डोंगराआडच्या गावांना मात्र त्याचा उपयोग नाही.

आता पैसा. उपकरणांसाठी मंत्रालयाची साहाय्य योजना आहे, तिच्यातून खर्चाचा काही भाग मिळू शकतो. खरी कसोटी दरमहाच्या खर्चाची : वीज, इन्व्हर्टर, दुरुस्ती, दोन-तीन माणसांचे मानधन. ध्वनिलहरींचे वार्षिक शुल्क २०१२ मध्ये १९,७०० वरून एकदम ९१,००० रुपये केले गेले आणि केंद्रांच्या विरोधानंतर वाढ मागे घेतली गेली; एवढ्या फरकानेही लहान केंद्रे डळमळतात. जाहिरातींना पूर्वी तासाला सात मिनिटे होती, २०२४ पासून बारा आहेत. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. कागदावर तासाला ५,३२८ रुपये होतात, पण हा आकडा धरून अंदाजपत्रक करणे म्हणजे आत्मवंचना. दिवसाला दहा सेकंदांच्या दहा जाहिराती धरा : ७४० रुपये रोज, महिन्याला सुमारे २२,०००. त्याही रोज मिळतील याची खात्री नाही. बाकीच्या जाहिराती स्थानिक दुकाने, सेवा, कार्यक्रम आणि नोकऱ्या यांच्याच घेता येतात. खाजगी प्रायोजकत्व चालत नाही. शिल्लक उरलीच तर मंत्रालयाच्या लेखी परवानगीशिवाय ती मंडळाच्या इतर कामाला वळवता येत नाही. गणेशोत्सवाचा मंडप या पैशातून उभा राहणार नाही.

लहान दुष्काळी गावातले टिकलेले उदाहरण म्हणून साताऱ्यातील म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीकडे पाहावे. २००८ पासून ती चालू आहे. तिच्यामागे माणदेशी फाउंडेशन आहे, आणि त्याच मंडळींची १९९७ साली उभी राहिलेली महिला सहकारी बँक. म्हणजे लोकांशी रोजचा संबंध आणि हिशेबाची शिस्त रेडिओच्या आधीपासून होती. आपल्याकडे नुसत्या सांस्कृतिक मंडळापेक्षा तालुक्यातील एखादे महाविद्यालय किंवा महिला बचत गटांत काम करणारी संस्था अर्जदार असावी आणि मंडळाने कार्यक्रम पुरवावेत, हा मार्ग आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो. महाविद्यालयाला जागा आणि मुले दोन्ही आयती असतात.

ज्या मंडळाला स्वतःच अर्ज करायचा असेल त्याने तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, नोंदणीची व घटनेची प्रत, केलेल्या कामाची कागदोपत्री नोंद आणि प्रसारक्षेत्रातील गावांची यादी एवढे प्रथम जमवावे. ध्वनिमुद्रणाला कोणाचीच परवानगी लागत नाही. जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची गाणी, जुन्या लोकांच्या आठवणी आजपासून मोबाइलवरही नोंदवता येतील. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख आणि तिची संमती तेवढी सोबत लिहून ठेवावी. चित्रपटगीतांना हक्कांचे पैसे मोजावे लागतात, या साठ्याला लागत नाहीत.