सरकता मृग, सरकती संक्रांत

आमच्या गावात पंचांगाशी बहुतेकांचं काम पडायचं ते दोन गोष्टींसाठी: लग्न आणि पेरणी. पाडव्याला जोशीबुवा पारावर बसून नव्या सालाचं फळ वाचायचे. साल कुणाचं, राजा कोण, मंत्री कोण, इथवर माणसं तंबाखू मळत गप्पा मारायची. नक्षत्रांची वाहनं सुरू झाली की पार चिडीचूप. मृगाला बेडूक म्हटलं की चेहरे उजळायचे, कोल्हा म्हटलं की कुणीतरी उसासा टाकायचं.

ही वाहनं काढायची रीत अगदी साधी आहे. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि आकड्याला 9नं भागायचं. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, शून्य उरलं तर हत्ती. गणित चोख, पण त्यात ना वारा, ना ढग. पाऊस कळायला त्याचा उपयोग नाही.

नक्षत्रांची गोष्ट मात्र वेगळी, ती टाकाऊ नाही. आपले महिने चंद्राचे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडं, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून मेळ बसवावा लागतो. त्यामुळं ज्येष्ठ कधी मेअखेरीला लागतो, तर कधी जूनच्या मध्यावर. त्याच्या भरवशावर कोण पेरणार? कुणब्यानं त्यावर सूर्याची नक्षत्रं धरली. आकाशाचे 27 भाग, एकेका भागात सूर्य 13-14 दिवस. अधिक महिना असो-नसो, मृग 7 किंवा 8 जूनला लागणारच. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, असं करत हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं. सही करता न येणारा माझा आजा शेतीपुरतं पक्कं सौर कालगणित पाळत होता. घरात सणवार चंद्रावर, रानात काम सूर्यावर.

पण 7-8 जून ही तारीखसुद्धा कायमची नाही. पृथ्वी फिरता फिरता भोवऱ्यासारखी डुलते. एक डुलणं पुरं व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. या डुलण्यामुळं ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं भरतं. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या वर्षाला बांधलेलं, आपली नक्षत्रं आणि संक्रांती ताऱ्यांना. वर्षाला 20 मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण 70-72 वर्षांत एक दिवस पुढं जातो.

याचा पुरावा घरातच सापडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज ती 14 नाहीतर 15 जानेवारीला येते. हाच हिशेब मागं नेला की पानिपत लागतं. तिसरी लढाई झाली 14 जानेवारी 1761ला, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. आपल्याकडं सर्रास म्हणतात, पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं. म्हणूनच 'संक्रांत कोसळली' असं म्हणतात, असंही सांगणारे भेटतात. पण त्या साली संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. भाऊसाहेबांची फौज बाहेर पडली ती अन्नाविना जीव जायची वेळ आली म्हणून. माणसं-जनावरं उपाशी, रसद तुटलेली. आजच्या कॅलेंडरातली संक्रांत उचलून आपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या दिवसावर ठेवली आणि उपासमारीचा दोष ग्रहांवर घातला.

त्याच हिशेबानं पानिपतच्या साली मृग 3-4 जूनलाच लागला असणार. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी येत. तेव्हा मृग मेच्या मध्यावर लागायचा. आता खरं उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं, तिळगूळ आपण तीन आठवड्यांनी वाटतो. आणखी हजार वर्षांनी मृग 21-22 जूनला, म्हणजे आज आर्द्रा लागते तेव्हा लागेल. हे घसरणं ओळखूनच मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऋतूंना धरून चालणारं कॅलेंडर सुचवलं. 22 मार्च 1957 पासून ते राष्ट्रीय कॅलेंडर झालं. सरकारी कागदांवर आणि आकाशवाणीवर ते पोचलं, आमच्या पारावर नाही पोचलं.

पाऊस मात्र ताऱ्यांकडं बघत नाही. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो, आणि समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. हे सगळं चालतं सूर्याच्या उत्तरेकडच्या चढणीवर, म्हणजे ऋतूंच्या वर्षावर. मृग आणि मोसमी पाऊस आज जवळजवळ हातात हात घालून येतात, तो या काही शतकांचा योग आहे.

म्हणूनच मला जुन्या माणसांच्या दुसऱ्या खुणा जास्त शहाण्या वाटतात. पावशा ओरडतोय का, पहिल्या पावसानंतर मातीतून मखमली लाल मृगाचा किडा वर आला का, ढेकूळ फोडल्यावर ओल किती खोल लागते. आजा मृग लागला की तिफण बाहेर काढायचा, काशा पाजून आणायचा, बी निवडून ठेवायचा. पण चाड्यावर मूठ धरायचा ती वीतभर ओल गेल्यावरच. तारीख तयारीला, ओल पेरणीला. आता हातात मोबाईल आहे, वेधशाळेचा अंदाज आहे, तरी मृगाचे चार थेंब पडले की सोयाबीन टाकून मोकळं होणारे आहेत. मग पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचे पैसे, पुन्हा उधारी. नक्षत्र ठरल्या वेळी लागतं, त्यात त्याची चूक नाही. फक्त त्यानं पावसाची हमी कधीच घेतली नव्हती.