नागपुरात दोघांचे आगमन : एका प्रवासप्रथेचा इतिहास

पती-पत्नीने सुटी काढून परगावी जावे, तेथे पैसे देऊन खोली घ्यावी आणि सामान टाकून पहिला दिवस शहर पाहण्यात घालवावा, ही आज सर्वसाधारण वाटणारी प्रथा नागपुरात फार उशिरा रुजली. तिच्या उशिराची कारणे जशी शहराच्या भूगोलात सापडतात तशीच ती मराठी कुटुंबाच्या रचनेत आणि जातिव्यवस्थेतही सापडतात. नागपूर हे पिढ्यान्पिढ्या कामासाठी यायचे आणि गाडी बदलून पुढे जायचे शहर होते. राजधानी, कचेरी, कोर्ट, कापूस, संत्री आणि रेल्वेचे जंक्शन यांच्यासाठी तेथे माणसे येत राहिली, परंतु दोघांनी मिळून आणि आपल्या इच्छेने येण्याला त्या व्यवहारात फारशी जागा नव्हती.

अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवलेले हे गाव पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळात त्यांच्या राज्याची राजधानी झाले. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांमध्ये व्यापारी, तांडे, शिपाई आणि परराज्यांचे वकील यांचा भरणा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील जॉर्ज फॉर्स्टर १७९१ मध्ये नागपुरातच मरण पावला, आणि पुढे संस्कृतचा अभ्यासक म्हणून ख्याती पावलेला हेन्री टॉमस कोलब्रुक १७९९ मध्ये त्याच कामावर येथे आला. अशा मंडळींच्या आगमनाची नोंद दरबारी कागदांत होत असे, कारण ते आगमन राजकीय होते. स्त्रिया प्रवास करीत त्या माहेर-सासरच्या वाटेवर किंवा यात्रेच्या मेळ्यात, म्हणजे रामटेकला किंवा त्याहून दूर, आणि तोही बहुधा घरच्या किंवा गावच्या मंडळींसोबत.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-बडनेरा मार्ग नागपूरपर्यंत आला, आणि मुंबईपासूनचे ८३७ किलोमीटरांचे अंतर महिन्यांऐवजी तासांत मोजले जाऊ लागले. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची बाजू उघडली, १९२० च्या दशकात इटारसीकडचा मार्ग तयार झाला, आणि १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ हा दुवा जुळल्यावर दिल्ली-मद्रास वाटही नागपुरातून जाऊ लागली. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेल्या आजच्या स्थानकाचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले. या इमारतीचा दर्शनी भाग मोठ्या राजधानीला शोभेल असा असला, तरी आतील व्यवस्था प्रवाशांना जोडण्यापेक्षा विभागण्यासाठीच अधिक होती.

ही विभागणी गाडीतच सुरू होई. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक डबा वा कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखणे रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि पन्नास मैलांहून लांब जाणाऱ्या गाडीत त्या कप्प्याला शौचालयाची सोय असावी असेही ठरवले. जनाना डबा या नावाने लोकांच्या बोलण्यात रूढ झालेल्या या व्यवस्थेमुळे असंख्य स्त्रियांना घराबाहेर पडणे शक्य झाले, हे तिचे मोठे श्रेय मान्य करावेच लागते. मात्र त्यामुळे एकाच गावाहून एकाच गाडीने निघालेले पती-पत्नी रात्रभर वेगवेगळ्या डब्यांत बसून फलाटावरच पुन्हा भेटत, असेही होऊ शके. स्थानकांवरच्या प्रतीक्षालयांतही स्त्री-पुरुषांची दालने वेगळी असत, आणि फलाटावरचे पिण्याचे पाणी व उपाहारगृहे हिंदू आणि मुसलमान अशी वेगळी ठेवण्याची पद्धत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालू होती.

स्थानकाबाहेर पडल्यावर उतरायचे कोठे, याचे उत्तर प्रवाशाचा दर्जा आणि जात ठरवीत असे. सरकारी अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी बांधलेले आणि जागा असल्यास इतरांना शुल्क घेऊन दिले जाणारे विश्रामगृह, म्हणजे डाक बंगला, हा साहेबी व्यवहाराचा भाग होता. सामान्य प्रवाशासाठी धर्मशाळा होती, म्हणजे दानशूर व्यापाऱ्याने किंवा एखाद्या समाजाने पुण्यकर्म म्हणून बांधलेली, अल्प मोबदल्यात किंवा विनामूल्य राहू देणारी वास्तू, आणि अशा वास्तूंची दारे बहुधा विशिष्ट जातिसमूहांनाच उघडी असत. मध्यमवर्गीय जोडपे या दोहोंपैकी कोठेच जात नसे. महाल, इतवारी किंवा धंतोलीत मामा, आत्या, दूरचा काका असे कोणी ना कोणी असे, टांगा तेथे जाऊन थांबे, आणि दारात पाऊल पडताच पुरुष बैठकीत व स्त्री स्वयंपाकघरात जाई. त्या पाहुणचारात माया अपार होती, पण त्यात दोघांचा मिळून असा वेळ जवळजवळ नसे, आणि एका प्रथेच्या इतिहासात ही गोष्ट कोणत्याही इमारतीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

शिवाय ज्यांना हवापालट परवडे ते नागपुराहून बाहेर जात. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला हलत असे आणि वऱ्हाडातील सुखवस्तू कुटुंबे चिखलदऱ्याची वाट धरीत. पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या शहरात सुटीसाठी येण्याची कल्पनाच विसंगत वाटावी. तरीही पाहण्यासारखे येथे काही नव्हते, असे म्हणता येत नाही. १८६३ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय लोकांनी ‘अजब बंगला’ म्हणून आपलेसे केले होते, आणि कामासाठी आलेला खेडूतही कोर्टाची तारीख उरकून तेथे एक फेरी मारीत असे.

राजकीय मेळाव्यांनीही बाहेरची माणसे आणली. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले, आणि त्या निमित्ताने ओळखला जाऊ लागलेला काँग्रेसनगर हा भाग आजही त्याच नावाने नांदतो. परंतु स्त्री-पुरुषांच्या एकत्र आगमनाला या शहरात खरा अर्थ प्राप्त झाला तो दलित चळवळीमुळे. जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या स्थापनेसाठी भरलेल्या परिषदेला जोडून नागपुरात महिलांचीही परिषद झाली, आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, असा उपदेश हजारो कष्टकरी स्त्रियांना केला. चौदा वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपुरात आले आणि सीताबर्डीवरील शाम हॉटेलात उतरले. ज्या समाजाला शतकानुशतके धर्मशाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्या समाजाचा नेता भर बाजारपेठेतील हॉटेलात सपत्नीक उतरतो, ही घटना शहराच्या आतिथ्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दोघांनी एकाच व्यासपीठावर त्रिशरण व पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याची व पाच नियम पाळण्याची प्रतिज्ञा, ग्रहण केली. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. रेल्वेने, मोटारींनी आणि पायी, पांढरी वस्त्रे लेऊन आलेल्या त्या समुदायात बायका-पोरांसह निघालेली कुटुंबे होती, आणि ही दीक्षा झाली त्या जागी, म्हणजे दीक्षाभूमीवर, दरवर्षी होणारे आगमन आजही कुटुंबाचेच असते.

योगायोग असा की, केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कुटुंबासह प्रवासासाठी भाडेसवलत देण्याची योजना १९५६ च्या त्याच ऑक्टोबरात जाहीर केली. ती आरंभी मूळ गावी जाण्यापुरती होती, म्हणजे सरकारच्या हिशेबीही सुटीचा अर्थ अजून घरी जाणे हाच होता. नागपूर मात्र वाटेवरचेच शहर राहिले. १९४९ पासून १९७३ पर्यंत चाललेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. त्या प्रवाशांपैकी बहुतेकांनी नागपूर पाहिले ते विमानतळाच्या दिव्यांपुरते.

हे चित्र बदलले ते जंगलामुळे आणि रस्त्यांमुळे. ताडोबा, पेंच आणि २०१२ मध्ये अभयारण्य झालेले उमरेड-कऱ्हांडला यांच्या ओढीने जोडपी नागपुरात येऊ लागली, मोठी हॉटेले सीताबर्डीच्या गर्दीतून वर्धा रोडकडे सरकली, मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. आता मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेले दोघे एकाच डब्यात शेजारच्या बर्थवर झोपून सकाळी उतरतात, तर्री पोहे खातात, आणि खोलीची चावी स्वतःच्या नावावर घेतात, ज्यासाठी दोघांची ओळखपत्रे दाखवावी लागतात. वाघ पाहायला आलेल्या बऱ्याच जोडप्यांच्या वाट्याला मात्र शहराचा पहिला दिवस येत नाही. ती स्थानकावरूनच सिवनीच्या किंवा उमरेडच्या रस्त्याला लागतात, आणि परतीच्या दिवशी गाडीपूर्वीचे दोन-तीन तास दीक्षाभूमीचा स्तूप, अजब बंगला आणि संत्रा बर्फीचे दुकान यांत वाटून घेतात.