खेळ विकला, डाव राहिला

मंडळी, सावंतवाडीच्या गंजिफा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. गोल गोल पत्ते, वर मत्स्य-कूर्म-वराह, लाखेची चमक आणि सगळे एका रंगवलेल्या लाकडी डबीत. कुणी त्या काचेच्या कपाटात ठेवल्यात, कुणी फ्रेम करून भिंतीला लावल्यात. पण खेळलंय कुणी? मी ओळखीच्या आठ-दहा घरांत विचारून पाहिलं. एका वहिनींनी तर मलाच उलट विचारलं, "खेळायच्या असतात होय त्या?"

आम्ही रत्नागिरीकर सावंतवाडीबद्दल जरा हक्काने बोलतो. १८८० साली छापलेल्या मुंबई गॅझेटियरच्या दहाव्या खंडाचं नावच 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असं आहे. पुढे संस्थान विलीन झालं तेव्हा ते आमच्याच जिल्ह्यात आलं आणि १९८१ साली १ मे रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आमच्यातच राहिलं. तेव्हा आजचं हे पुराण घरचंच समजा.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. दशावतारी गंजिफांत दहा रंग, म्हणजे दहा अवतार. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण १२०. तिघांनी बसायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम वगैरे भानगड नाही. पाच रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा, त्यामुळे नवशिक्याचं डोकं पहिल्याच डावात गरगरतं. दिवसा डाव रामाच्या पानाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. बाकी सगळी करामत लक्षात ठेवण्याची. कुठली पानं पडून गेली, कुठली कुणाच्या हातात दबा धरून बसलीत, हे ज्याच्या डोक्यात पक्कं तो जिंकला.

खेळ आपल्याकडे आला तो इराणच्या बाजूने. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. कारण काय, तर शाह हसनला त्या फार आवडायच्या आणि त्याने मागून घेतल्या होत्या. मला ही नोंद भारी वाटते. खेळाचा हा इतका जुना उल्लेख, आणि तो एका शौकिनाने हट्टाने मागवलेल्या जोडाचा आहे!

मोगली गंजिफा आठ रंगांच्या, ९६ पानांच्या. आपल्या लोकांनी त्यात अवतार आणून बसवले आणि खेळ आपलासा केला. बनवायच्या दोन तऱ्हा असत. श्रीमंतांसाठी 'दरबारी कलम', त्यात हस्तिदंत, कासवाची पाठ, सोन्याचं काम. आणि साध्या माणसांसाठी 'बाजार कलम'. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घासून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि लाख चढवायची. सावंतवाडीत हे काम चितारी करत. त्यांच्या नावाची चितार आळी आजही गावात आहे, लाकडी खेळणी घ्यायला आपण सगळे तिथेच जातो.

आता माझा मुद्दा. खेळ जिवंत ठेवला तो बाजार कलमाने. रोज खेळून पानं झिजायची, कोपरा नसला तरी कडा उडायच्या, एखादं पान हरवायचं, मग माणूस पुन्हा चिताऱ्याच्या दारात उभा. खेळणारा होता म्हणून गिऱ्हाईक होतं.

मग छापील पत्ते आले. लंडनच्या थॉमस डे ला रूने १८३१ साली पत्ते छापायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे विलायती पत्ते जहाजांतून भराभर उतरू लागले. बावन्न पानं, चारच रंग, किंमत कमी, शिकायला सोपे, कोटाच्या खिशात मावणारे. खेळणारा तिकडे वळला आणि बाजार कलम पहिलं बसलं. दरबारी जोड राहिले, कारण ते झिजतच नव्हते!

नुसत्या राजाश्रयाने खेळ टिकतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने म्हैसूरकडे बघावं. तिसरे कृष्णराज वडियार (निधन १८६८) यांनी स्वतः बसून गंजिफांचे नवनवे खेळ रचले, त्यांतला सर्वांत मोठा १८ रंगांचा, ३६० पानांचा. बुद्धी अफाट, हौस अफाट. पण ते खेळ राजवाड्याबाहेर फारसे गेलेच नाहीत. आज ते संग्रहालयात आणि अभ्यासकांच्या पुस्तकांत भेटतात.

सावंतवाडीची गोष्ट त्यामानाने सुखाची. साधारण १९७१ च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायचं मनावर घेतलं. तोवर ती जाणणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले होते. एका वृद्ध चिताऱ्याकडून राजाराणी स्वतः शिकले, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले आणि काम सुरू केलं. त्याच काळात मुंबईत राहिलेले रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन कलासमीक्षक देशभरातल्या गंजिफा जमवत होते. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये गंजिफांचं प्रदर्शन भरलं, त्याचं पुस्तक त्यांनीच लिहिलं. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण काम चालू राहिलं. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मोती तलावाकाठी गेलात तर राजवाड्यात जरूर डोकवा.

त्यांनी हे केलं नसतं तर आज दाखवायला एक पानही नवं नसतं. त्यांना शंभर नमस्कार. पण विकत घेणारा आता संग्राहक आहे, पर्यटक आहे, लग्नात भेट देणारा आहे. एका हस्तकला प्रदर्शनात मी जोड घेतला तेव्हा विक्रेत्याने प्रत्येक अवताराची गोष्ट रंगवून सांगितली. "डाव कसा मांडायचा?" म्हटल्यावर मात्र तो गोड हसला आणि म्हणाला, "साहेब, ठेवा हो, शोभा येते."

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण आमचा भाचा. (ताई, वाचत असशील तर रागावू नको.) पठ्ठ्याने कोकणातल्या बंदरांवरचा पत्त्यांचा एक खेळ तयार केलाय. जयगडला माल भरायचा, विजयदुर्गाला उतरवायचा, मध्ये वादळ. स्वतःच्या पगारातून दोनशे डब्या छापून घेतल्यात आणि मुंबईच्या कॉमिक कॉनला टेबल घेऊन विकणार म्हणतो. ताईचं म्हणणं, एवढ्या पैशात आंब्याची चार कलमं लावली असती तर नातवंडांनी फळं खाल्ली असती. मी त्याला समजवावं अशी तिची अपेक्षा.

मी समजवायच्या ऐवजी वाचायला बसलो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने १९६८ साली लेक जिनिव्हा या गावात ५० डॉलर भाड्याने एक हॉल घेतला आणि खेळवेड्यांचा मेळावा भरवला. तोच 'जेन कॉन', आता तिथे सत्तर हजारांवर माणसं येतात. १९७४ साली त्याने आणि डेव्ह आर्नेसनने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या खेपेला खोकी किती? एक हजार. तीही हाताने भरलेली. त्या साध्या खोक्यातून पुढे जगभर एक नवा खेळप्रकार उभा राहिला.

अशा मेळाव्यांत विकायची रीत ठरलेली. टेबलावर डाव मांडून ठेवायचा, थबकलेल्याला खुर्ची द्यायची, दहा मिनिटांत नियम शिकवून एक फेरी खेळवायची. संध्याकाळी गळा बसतो म्हणे, पण माणूस उठतो तो डबी घेऊन. आपल्याकडे पहिलं कॉमिक कॉन २०११ साली भरलं ते दिल्ली हाटमध्ये. म्हणजे देशभरच्या हस्तकला ज्या आवारात विकल्या जातात, तिथेच! कारागिरांच्या बाजारात खेळवेड्यांनी दोन दिवस सतरंजी टाकली, म्हणा ना.

आपल्याला ही रीत परकी नाही. तळकोकणातल्या जत्रेत आजही दशावतारी नाटक रात्रभर रंगतं. संवाद लिहिलेले नसतात, गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. गंजिफांवरचे तेच दहा अवतार. नाटकातले जागे राहिले कारण वर्षानुवर्षं कुणीतरी ते खेळत आलं आणि समोर बसून बघत आलं. पानांवरचे डबीत झोपले.

म्हणून ताईला सांगितलं, पोराला जाऊ दे. सगळ्या डब्या खपल्या नाहीत तरी चालेल, पण त्या दोन दिवसांत निदान पन्नास जण त्याचा डाव खेळून उठू देत. त्यांतले पाच जरी घरी जाऊन दुसऱ्याला शिकवतील तर खेळ पुढे गेला.

आणि सावंतवाडीकरांना एक विनंती. विक्रीच्या जागी एक सतरंजी घाला, एक जोड उघडा ठेवा आणि नियम सांगणारा माणूस बसवा. बाजार कलमासारखा एखादा स्वस्त जोडही काढा, जो झिजला तरी जीव हळहळणार नाही. लाखेवर बोटांचे ठसे उठले तर उठू देत.

असो. आमच्या घरचा जोड मी कपाटातून काढलाय. रविवारी दुपारी तिसरा गडी हवा आहे. दिवसाचा डाव आहे, रामाचं पान आधी. कुणी येतंय का?